तालमीची वेळ आणि सुरतेचे ऊन

सुरत म्हटले की मराठी माणसाला इतिहासातले दोनच प्रसंग हटकून आठवतात. एक शिवाजी महाराजांची १६६४ ची स्वारी, दुसरा १९०७ च्या काँग्रेस अधिवेशनातला राडा. खवय्यांना घारी आणि लोचो आठवतो, व्यापाऱ्यांना साड्या आणि हिरे. मला मात्र आज सुरतेच्या हवेविषयी लिहायचे आहे, आणि त्या हवेत धावणाऱ्या पोरांविषयी. विषय शाळेच्या पटांगणाचा वाटेल, पण त्याची मुळे बरीच मागे जातात.

मे महिन्यात गुजरातची वर्तमानपत्रे उघडा. उष्म्याच्या बातमीत अहमदाबाद असते, सुरेंद्रनगर असते. सुरतेचा पारा त्यांच्यापेक्षा चार-पाच अंश खाली, म्हणून तिचे नाव तळाला. वाचणाऱ्याला वाटते, सुरतकर सुखी आहेत. आम्हा गोवेकरांना हा गैरसमज चांगला परिचयाचा आहे. नागपूरचा पाहुणा मे महिन्यात पणजीत येतो, "तुमच्याकडे तर फक्त चौतीस" म्हणून हसतो, आणि तासाभरात सदरा पिळायला लागतो. सुरतही आमच्यासारखीच. तापीच्या काठी वसलेली, समुद्र हाकेच्या अंतरावर, हवा कायम ओलसर.

शरीर थंड राहते ते घाम आल्यामुळे नव्हे, घाम वाळल्यामुळे. हवाच पाण्याने भरलेली असेल तर घाम वाळत नाही, नुसता ओघळतो. अंगातले पाणी आणि मीठ जाते, उष्णता मात्र आतच राहते. बसलेला माणूस पंख्याखाली सरकतो. धावणाऱ्या पोराचे स्नायू बसलेल्या माणसाच्या कितीतरी पट उष्णता तयार करत असतात, आणि ती बाहेर टाकायची वाट बंद झालेली असते. म्हणून छत्तीस अंशांची सुरत खेळाडूच्या दृष्टीने चाळीस अंशांच्या कोरड्या गावाहून सौम्य असेलच असे नाही.

आता जरा मागे जाऊ. व्यायाम आणि ऋतू यांचा संबंध आपल्याकडे फार पूर्वीपासून जोडलेला आहे. वाग्भटाच्या अष्टांगहृदयात सांगितले आहे की बलवान, चांगले खाणाऱ्यानेसुद्धा अर्ध्या ताकदीनेच व्यायाम करावा, तोही थंडीत आणि वसंतात. इतर काळात त्याहून कमी. ग्रीष्मात तर व्यायाम आणि ऊन दोन्ही टाळायला सांगितले आहे. अर्धी ताकद ओळखायची कशी, तेही सुश्रुताने सांगून ठेवले. श्वास तोंडाने घ्यावा लागला की थांबायचे. घड्याळ नको, यंत्र नको. आजचा प्रशिक्षक बोलता येते की नाही यावरून श्रम जोखतो, ती याच जातीची खूण.

गुजरातचा स्वतःचा असा एक ग्रंथ आहे, मल्लपुराण. मोढेऱ्याच्या परिसरातल्या ज्येष्ठीमल्ल या पैलवान समाजाचा. सांडेसरा आणि मेहता यांनी तो संपादित केला आणि १९६४ मध्ये बडोद्याच्या गायकवाड प्राच्य ग्रंथमालेत तो छापून आला. त्यात मल्लांचे प्रकार आहेत, आखाड्याची माती कशी तयार करावी ते आहे, आणि कोणत्या ऋतूत पैलवानाने काय खावे याचा तपशील आहे. ज्यांचे पोट शरीरावर चालत होते त्यांना ऋतूचा हिशेब ठेवावाच लागे.

याच बडोद्यात पुढे मराठी माणसांनी व्यायामाचे मोठे काम उभे केले. जुम्मादादांचे शिष्य प्रोफेसर माणिकराव यांची व्यायामशाळा आजही जुम्मादादांच्या नावाने ओळखली जाते. दत्तात्रय चिंतामण मुजुमदार यांनी बडोद्यातूनच १९३६ ते १९४९ या काळात दहा खंडांचा व्यायामज्ञानकोश मराठीत काढला. डभोईला जन्मलेले जगन्नाथ गणेश गुणे माणिकरावांच्या हाताखाली तयार झाले आणि पुढे स्वामी कुवलयानंद म्हणून लोणावळ्याच्या कैवल्यधामामुळे देशाला माहीत झाले.

जुन्या तालमीची बांधणी आठवून पाहा. ठेंगणे दार, जाड भिंती, लहान खिडक्या, आत ओलावलेली तांबडी माती. पहाटे जोर-बैठका, दिवस कलल्यावर कुस्ती. दुपारी तालीम बंद. यात पावित्र्याचा भाग होताच, पण निव्वळ व्यवहारही होता. पोरगा उन्हात राबला तर संध्याकाळी लढणार कसा?

मग बदलले काय? १९३७ मध्ये मुंबई प्रांतात खेर मंत्रिमंडळ आले. सुरत तेव्हा मुंबई प्रांतातच होती, आणि १ मे १९६० पर्यंत मुंबईशीच जोडलेली राहिली. या सरकारने शारीरिक शिक्षणासाठी समिती नेमली, तिचे अध्यक्ष होते कुवलयानंद. १९३८ मध्ये कांदिवलीला शारीरिक शिक्षणाच्या शिक्षकांसाठी प्रशिक्षण संस्था सुरू झाली. व्यायाम तालमीतून शाळेत आला. हा फायदा लहान नव्हे. तालमीत वस्ताद ज्याला घेईल तोच जाई. शाळेच्या पटांगणात सगळ्या जातींची पोरे आली, आणि मुलीही आल्या.

पण व्यायाम शाळेत आला तो वेळापत्रकात बसून आला. आता वेळ वस्ताद ठरवत नव्हता, घंटा ठरवत होती. गणित आणि इंग्रजीला सकाळचे ताजे तास, ड्रिलला उरलेला. छप्पर गेले, माती गेली, डोक्यावर उघडे आभाळ आले. त्यातच सुट्टीची गंमत. परीक्षा संपल्याशिवाय मैदान मोकळे नाही, आणि परीक्षा संपतात तेव्हा उन्हाळा ऐन भरात. त्यामुळे शिबिरे भरतात ती मे महिन्यात. वाग्भटाने जो ऋतू वर्ज्य सांगितला, नेमका तोच आपल्या खेळाचा हंगाम झाला. यात कोणाचा दुष्ट हेतू नव्हता. कॅलेंडर असे जुळत गेले, इतकेच.

जुने ते सगळे सोने, असे मात्र मी म्हणणार नाही. वाग्भट ग्रीष्मात खारट कमी खायला सांगतो. दोन तास घाम गाळणाऱ्या धावपटूला तो सल्ला जसाच्या तसा लावला तर तो घातक ठरेल. आणि तालमीतून शाळेत आलेली एक समजूत तर फारच वाईट होती. ती म्हणजे व्यायाम चालू असताना पाणी पिऊ नये. आमच्या शाळेतले ड्रिलचे मास्तर नळाकडे पाहणाऱ्या पोराला आणखी एक फेरी मारायला लावत. पाण्याने पोटात कळ येते, माणूस मऊ पडतो, असे ते सांगत. ही समजूत आपल्याकडचीच नव्हती. विसाव्या शतकात बराच काळ सैन्यातले अधिकारी आणि अमेरिकेतले फुटबॉलचे प्रशिक्षकही हेच मानत.

या गोष्टींचा छडा लागला तो खेळाच्या मैदानावर नव्हे, खाणीत आणि छावणीत. दक्षिण आफ्रिकेच्या खोल सोन्याच्या खाणींत मजूर उष्माघाताने मरत. १९३० च्या दशकात तिथल्या डॉक्टरांनी मजुरांना हळूहळू उष्णतेची सवय लावण्याच्या पद्धती शोधल्या. साधारण एक ते दोन आठवडे रोज थोडे थोडे काम वाढवले तर शरीर लवकर घाम काढायला शिकते, घामातून मीठ कमी जाते, नाडी ताब्यात राहते. पहिले काही दिवस सर्वांत धोक्याचे. या ज्ञानामागे खाणमालकांचा नफा होता, हे विसरू नये. पण ज्ञान खरे होते.

दुसरी शाळा अमेरिकेच्या पॅरिस आयलंड या सागरी सैनिकांच्या केंद्रात भरली. जागा दमट, रंगरूट कोवळे. १९५० च्या दशकात तिथे नवे मोजमाप वापरात आले. ओल्या फडक्यात गुंडाळलेला तापमापक, काळ्या गोळ्यातला तापमापक आणि साधा तापमापक, अशा तिघांचे आकडे एकत्र करायचे. ओल्याला सत्तर टक्के वजन, उन्हाच्या गोळ्याला वीस आणि आपण बातम्यांत ऐकतो त्या साध्या पाऱ्याला फक्त दहा. सुरतेची आणि गोव्याची सगळी कहाणी या तीन आकड्यांत आली. आकडा वाढला की छावणीवर रंगीत निशाण चढे, आणि काळे निशाण लागले की मैदानी कवायत बंद.

एवढे माहीत असूनही पोरे जातातच. २०१८ च्या मे महिन्यात अमेरिकेच्या मेरीलँड विद्यापीठात जॉर्डन मॅकनेअर हा एकोणीस वर्षांचा फुटबॉलपटू सरावात कोसळला आणि जूनमध्ये वारला. त्याला थंड पाण्यात बुडवण्याचा उपाय केला गेला नव्हता, असे चौकशीत निघाले. उलट उदाहरण त्याच देशातल्या फाल्मथ गावच्या शर्यतीचे. तिथे अठरा वर्षांत श्रमजन्य उष्माघाताचे २७४ धावपटू आले, सगळ्यांना जागेवरच बर्फाच्या पाण्यात बुडवले, आणि २७४ पैकी एकही दगावला नाही. कोसळल्यापासून अर्ध्या तासाच्या आत शरीर थंड झाले पाहिजे. आधी गार करायचे, मग दवाखान्यात न्यायचे.

आपल्याकडचे दाखलेही ताजे आहेत. २०१४ च्या जूनमध्ये मुंबई पोलीस भरतीत पाच किलोमीटर धावताना काही तरुण उमेदवार मरण पावले, तेव्हा कुठे अंतर कमी झाले. २०२४ च्या ऑगस्टमध्ये झारखंडच्या भरतीत दहा किलोमीटरच्या दौडीत दहाहून अधिक तरुण गेले, आणि मग चाचणी सकाळी लवकर संपवण्याचा निर्णय झाला. प्रत्येक मृत्यूचे कारण ऊनच होते असे नाही. पण वेळ बदलायला आधी मरणे मोजावी लागली, हे दोन्हीकडे सारखे.

गुजरातने एक धडा मात्र चांगला गिरवला आहे. २०१० च्या मे महिन्यात अहमदाबादेत पारा ४६.८ अंशांवर गेला. नंतरच्या अभ्यासात त्या एका महिन्यात नेहमीपेक्षा १३४४ मृत्यू जास्त झाल्याचे दिसले. त्यातून २०१३ मध्ये त्या शहराने उष्णतेचा कृती आराखडा केला, जो पुढे देशभर नमुना ठरला. सुरतेचीही आपत्तीतून शिकायची ख्याती आहे. १९९४ च्या प्लेगनंतर तिने स्वतःला स्वच्छ केले, २००६ च्या तापीच्या पुरानंतर आणि २००८ पासून हवामानबदलाच्या आंतरराष्ट्रीय प्रकल्पात पुराच्या इशाऱ्याचे काम केले. मात्र उष्णतेविषयी बोलताना आपल्या डोळ्यांपुढे म्हातारी माणसे, तान्ही बाळे, बांधकामावरचे मजूर येतात. ते रास्तच आहे. धडधाकट सोळा वर्षांचा पोरगा यादीत कोणाला सुचत नाही, कारण तो धडधाकट दिसतो.

आणि सुरत आता खेळाचे शहर आहे. हरमीत देसाई आणि मानव ठक्कर हे टेबल टेनिसचे खेळाडू इथलेच. २०२२ च्या राष्ट्रीय खेळांत टेबल टेनिस आणि बॅडमिंटन सुरतेच्या बंदिस्त क्रीडागृहात झाले, वाळूवरचे खेळ डुमसच्या किनाऱ्यावर. मोठी क्रीडागृहे वातानुकूलित असतात. गल्लीतल्या हॉलचे काय? चेंडू आणि फूल वाऱ्याने हलते म्हणून पंखे बंद, खिडक्या बंद. सावलीत आहोत म्हणून पालक निर्धास्त असतात, आणि आत दमट हवा कोंडलेली असते.

उपाय महाग नाहीत. सराव सूर्य वर यायच्या आत संपवावा किंवा तो मावळतीला गेल्यावर सुरू करावा. सुट्टीनंतर परत येणाऱ्या मुलाला पहिले दोन आठवडे चढत्या क्रमाने काम द्यावे, पहिल्याच दिवशी दौड नको. पाण्याची वेळ ठरलेली असावी, मागावे लागू नये. लांबल्या सरावात मीठ घातलेली छास किंवा लिंबूपाणी. ताप आलेल्या किंवा जुलाब झालेल्या मुलाला त्या दिवशी बसवावे. आणि मैदानाच्या कडेला एक ताडपत्री, पाण्याचे पिंप व बर्फ. पोरगा बरळायला लागला, झोकांड्या जायला लागल्या तर त्याला ताडपत्रीच्या झोळीत निजवून चौघांनी कडा धरायच्या, बर्फाचे पाणी ओतायचे आणि हलवत राहायचे. बेशुद्ध असेल तर तोंडात पाणी घालू नये, डोके वर धरावे. त्याच वेळी १०८ ला फोन. कापडाच्या शहरात ताडपत्री मिळत नाही असे कोणी सांगू नये.

उधना-लिंबायत भागात खानदेशातून आलेली हजारो मराठी कुटुंबे आहेत. बाप मागावर, आई घरी खडे चिकटवणारी, आणि मुलाने खेळात चमकावे, भरतीत निघावे ही आस. असा मुलगा चक्कर येतेय म्हणून कधीच सांगणार नाही. थांबलो तर नाव कटेल, ही भीती त्याला उन्हाहून मोठी वाटते. म्हणून थांबवण्याचे काम मुलावर टाकता येत नाही. जुन्या तालमीत ते काम वस्तादाचे होते. तो म्हणाला बस, की बस. त्या शब्दावर पैलवानाची इज्जत जात नसे.

शाळेने व्यायामाला घंटा दिली, गणवेश दिला, गुण दिले. 'बस' म्हणण्याचा हा अधिकार मात्र वाटेत कुठेतरी हरवला. तो मास्तरांच्या हाती परत द्यायला सरकारी ठरावाचीही वाट पाहायला नको. येत्या मे महिन्यात सुरतेतल्या किंवा आमच्या मडगावातल्या एखाद्या शिबिराने तो वापरला तरी पुरे.