व्हॉट्सअ‍ॅप, टेलिग्राम आणि यूट्यूबवर कॉलेजचा अभ्यास: काय मिळतं, कुठे फसतो आणि काय करायचं?



माझी मामेबहीण धावड्याची. जालना जिल्ह्यात, भोकरदन तालुक्यातलं हे गाव. ती तालुक्याच्या कॉलेजात बीएस्सी करते. कॉलेज डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठाचं, आणि विद्यापीठ छत्रपती संभाजीनगरला. त्यामुळे वेळापत्रक, नोट्स, प्रॅक्टिकलची तारीख, सगळं तिच्यापर्यंत फोनवरच येतं. मागच्या परीक्षेच्या आदल्या रात्री तिचा फोन आला, "दादा, उद्याचा पेपर पुढं ढकलला म्हणतेत, ग्रुपवर पीडीएफ आलीय."

मी ती पीडीएफ मागवली. परिपत्रक खरं होतं, पण आधीच्या वर्षीचं! वर कोपऱ्यात तारीख छापलेली होती, कोणी वाचलीच नव्हती. बहिणीने पेपर दिला. तिच्या वर्गातली एक मैत्रीण मात्र गेली नाही. तिचा तो विषय राहिला, आता पुन्हा फॉर्म आणि पुन्हा फी.

ग्रुप आपल्यापर्यंत गोष्ट पोहोचवतो, पण ती खरी आहे की नाही हे सांगत नाही. म्हणून कोणतं अ‍ॅप कशासाठी वापरायचं ते नीट समजून घेऊया.

कोणतं अ‍ॅप कशासाठी?

व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपमध्ये १,०२४ जण बसतात, टेलिग्राम ग्रुपमध्ये २ लाखांपर्यंत. दोन्हींवर २ जीबीपर्यंतची फाइल पाठवता येते. मोठा फरक आहे साठवणुकीत.

व्हॉट्सअ‍ॅपचे मेसेज एंड-टू-एंड एन्क्रिप्टेड असतात, म्हणजे ते फक्त पाठवणाऱ्याच्या आणि घेणाऱ्याच्या फोनवरच उघडतात. कंपनी ते कायमचे सर्व्हरवर ठेवत नाही. म्हणूनच जुनी फाइल फोनमधून डिलीट केली की ती परत मिळेलच असं नाही. 'सर, परत पाठवा ना' हे त्यामुळेच होतं.

टेलिग्रामचे साधे ग्रुप क्लाउडवर असतात. दुसऱ्या फोनवर लॉगिन केलं तरी फाइल मिळते, आणि बऱ्याच ग्रुपमध्ये नव्या मेंबरलाही जुन्या नोट्स दिसतात. पण हे ग्रुप एंड-टू-एंड एन्क्रिप्टेड नसतात, त्यामुळे आधार कार्ड, मार्कशीट असलं काही तिथे टाकू नका.

थोडक्यात, रोजच्या सूचना आणि शंकांसाठी व्हॉट्सअ‍ॅप, नोट्सच्या साठ्यासाठी टेलिग्राम किंवा ड्राइव्ह आणि शिकवण्यासाठी यूट्यूब.

नोट्स का सापडत नाहीत?

कारण ग्रुप वाहत्या नळासारखा असतो. सकाळी आलेली पीडीएफ संध्याकाळपर्यंत गुड मॉर्निंग आणि वाढदिवसांच्या खाली जाते. यावर उपाय सोपे आहेत.

१. फाइलला नाव द्या. 'स्कॅन००१२' ऐवजी 'सेम३_रसायनशास्त्र_युनिट२'. नंतर सर्च केलं की लगेच सापडते.
२. नोट्सच्या फोल्डरची लिंक ग्रुपच्या डिस्क्रिप्शनमध्ये टाका.
३. महत्त्वाच्या मेसेजला स्टार करा. सगळ्यांसाठी हवा असेल तर अ‍ॅडमिनला पिन करायला सांगा.
४. वहीच्या पानाचा फोटो 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवा. साधा फोटो पाठवला की अ‍ॅप तो दाबून लहान करतं, आणि समीकरणातले बारीक आकडे धूसर होतात.

'पेपर लीक' आणि 'पेपर रद्द' ओळखायचे कसे?

१८ जून २०२४ ला देशभर यूजीसी-नेट परीक्षा झाली. ९ लाखांहून जास्त उमेदवार बसले होते. दुसऱ्याच दिवशी, १९ जूनला, ती रद्द झाली. पेपर आधीच फुटल्याचं दाखवणारा टेलिग्रामवरचा एक स्क्रीनशॉट चर्चेत होता. पुढे सीबीआयच्या तपासात तो छेडछाड केलेला निघाला. तोपर्यंत लाखो जणांना पुन्हा तयारीला लागावं लागलं होतं.

अशी बनवाबनवी करायची आणखी एक पद्धत माहीत असू द्या. टेलिग्राम चॅनलवर टाकलेला मेसेज नंतर एडिट करता येतो, त्यातला फोटोही बदलता येतो. वेळ मात्र पहिलीच दिसते. म्हणजे सकाळी ८ ला कुठलाही फोटो टाकायचा आणि पेपर सुटल्यावर तिथे खरी प्रश्नपत्रिका लावायची. बघणाऱ्याला वाटतं, ८ वाजताच फुटला होता! मेसेजवर बारीक अक्षरात 'एडिटेड' लिहिलेलं असतं, ते बघा. आणि असा 'उद्याचा पेपर' कोणी पैसे मागून विकत असेल तर सरळ ब्लॉक करा. विद्यापीठ परीक्षांमधल्या गैरप्रकारांविरुद्ध महाराष्ट्रात १९८२ पासून कायदा आहे.

कुठलंही परिपत्रक आलं की तीनच गोष्टी करा. आधी तारीख वाचा. मग विद्यापीठाच्या वेबसाइटवर तेच परिपत्रक शोधा. तिथे नसेल तर कॉलेजात फोन लावा. दोन मिनिटांचं काम आहे, पण त्याने सहा महिने वाचतात.

मग खरं शिकणं कुठे होतं?

पाचशे पीडीएफ साठवून कोणी पास होत नाही. मी इंजिनिअरिंगला असताना माझ्याकडेही अशा नोट्सचा ढीग होता, निम्म्या उघडल्याही नव्हत्या. उपयोग झाला तो पाच जणांच्या छोट्या ग्रुपचा. तिथे नियम एकच होता: 'कोणाला येतं का?' असं विचारायचं नाही. गणिताचा फोटो टाकायचा, आपण कुठपर्यंत आलो ते लिहायचं आणि कुठे अडलो तिथे गोल करायचा. असं विचारलं की उत्तर लवकर मिळतं. अर्ध्या वेळा तर लिहिता लिहिता स्वतःलाच सुचतं.

व्हिडिओसाठी यूट्यूबवर एनपीटीईएल शोधा. २००३ मध्ये सात आयआयटी आणि बंगळुरूच्या आयआयएससीने हा उपक्रम सुरू केला, आणि व्याख्यानं फुकट आहेत. जुलै २०१७ मध्ये सुरू झालेल्या केंद्र सरकारच्या 'स्वयम्' पोर्टलवर तर क्रेडिटही मिळवता येतं. यूजीसीच्या २०२१ च्या नियमांनुसार विद्यापीठ एका सत्रातल्या ४० टक्क्यांपर्यंत विषयांना अशी मान्यता देऊ शकतं. पण नाव नोंदवण्याआधी तुमच्या कॉलेजात तो कोर्स चालतो का, हे विचारून घ्या.

रेंज कमी असेल तर व्हिडिओ रात्री ३६० पीमध्ये डाउनलोड करून ठेवा. फळ्यावरचं तेवढ्यातही दिसतं, आणि डेटा वाचतो.

नंबर जपा

व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपमध्ये तुमचा नंबर सगळ्यांना दिसतो. सेटिंग्ज > प्रायव्हसी > ग्रुप्स इथे 'माय कॉन्टॅक्ट्स' करा, म्हणजे अनोळखी माणूस थेट अ‍ॅड करू शकणार नाही. टेलिग्राममध्ये प्रायव्हसी अँड सिक्युरिटी > फोन नंबर इथे 'नोबडी' ठेवा.

आता धावड्याच्या ग्रुपवर परिपत्रक आलं की बहीण आधी तारखेला लाल गोल करून तो फोटो परत ग्रुपवर टाकते. तुमच्या ग्रुपमध्येही हे काम कोणीतरी एकाने अंगावर घ्या. भेटूया पुढच्या लेखात!