कामठ्याची कुळकथा



सुरतेचे नाव काढले की मराठी माणसाला दोन साले आठवतात : १६६४ आणि १६७०. शिवाजी महाराजांच्या त्या दोन स्वाऱ्या सोडल्या, तर सुरतेचा इतिहास म्हणजे जरीचा, कापसाचा, जहाजांचा आणि परदेशी वखारींचा इतिहास, अशीच आपली समजूत असते. परंतु याच शहरातून ताप्ती व्हॅली मार्गाच्या गाडीने पूर्वेकडे निघाले, की व्यारा, सोनगड, नवापूर अशी स्थानके लागतात. सपाट शेते मागे पडतात आणि साग व बांबू यांचा डोंगराळ मुलूख सुरू होतो. त्याच्या दक्षिणेला डांग. त्या मुलखातील एका साध्या वस्तूची कुळकथा आज मी सांगणार आहे. ती वस्तू म्हणजे भिल्लांचे धनुष्य. मराठीत आपण त्याला कामठा म्हणतो आणि बाणासह बोलायचे झाल्यास तीरकामठा.

या विषयाकडे माझे लक्ष गेले ते माझ्याच एका चुकीमुळे. मी सुरतेत मराठी शिकवतो. काही वर्षांपूर्वी माझ्या वर्गात डांगकडचा एक भिल्ल विद्यार्थी होता. शाळेच्या समारंभासाठी मांडव घातला होता. त्यातून उरलेल्या बांबूच्या तुकड्याचा या मुलाने मधल्या सुट्टीत कामठा केला. कोणाला इजा होईल या भीतीने मी तो काढून घेतला आणि कपाटात ठेवला. मुलाने तक्रार केली नाही. एवढेच म्हणाला, "सर, दोरी तेवढी सोडून ठेवा." मला त्या बोलण्यात काही अर्थ दिसला नाही. मी कपाटाला कुलूप लावले.

त्या बोलण्याचा अर्थ कळण्यासाठी कामठा कसा होतो, हे आधी पाहिले पाहिजे. डांगच्या जंगलात मानवेल नावाचा बांबू होतो. तो इतर बांबूंच्या मानाने भरीव असतो. कोवळा बांबू उपयोगाचा नाही. तो वाळला की आक्रसतो आणि वाकला की वाकलेलाच राहतो. म्हणून पक्व बांबू निवडायचा, तो उभा चिरायचा आणि त्याची फाक कोयत्याने तासायची. तासायची ती फक्त आतल्या अंगाने. बाहेरची गुळगुळीत हिरवी पाठ अस्पर्श राहिली पाहिजे. कारण धनुष्य वाकते तेव्हा पाठीवर ताण येतो आणि पोटावर दाब. ताण सोसणारे चिवट तंतू बांबूच्या पाठीशीच दाट असतात. ते एका जागी कापले गेले, तर धनुष्य नेमके तेथेच मोडते.

खरे कौशल्य पुढे आहे. मूठ मध्यभागी जाड ठेवून दोन्ही बाहू टोकांकडे निमुळते करीत जायचे. थोडे तासायचे, वाकवून पाहायचे, पुन्हा थोडे तासायचे. एक बाहू ताठ राहिला तर सगळा भार दुसऱ्यावर पडतो. याला मोजपट्टी नाही; डोळा आणि हात हेच माप. शेवटी टोकांना खाचा पाडून दोरी चढवायची. आणि आश्चर्य असे की, ही दोरीदेखील पुष्कळदा बांबूचीच असते! बांबूच्या पाठीची लांब, पातळ चोय काढून ती दोन्ही टोकांना बांधली जाते. म्हणजे धनुष्य बांबूचे आणि प्रत्यंचाही बांबूची. बाणाची दांडी बोरूची, मागे पिसे. बाणाचे लोखंडी फळ तेवढे लोहाराकडून आणावे लागते. पाखरांसाठी बोथट लाकडी बोंडाचा बाण असला, तर तेवढीही उधारी नाही.

ही केवळ रानटी लोकांची अडाणी युक्ती आहे, असे कोणास वाटेल. त्याने कौटिल्याचे अर्थशास्त्र उघडून पाहावे. म्हैसूरच्या शामशास्त्रींनी १९०९ साली प्रसिद्ध केलेल्या या ग्रंथात शस्त्रागारावरील प्रकरणात ताडाच्या, बांबूच्या, लाकडाच्या आणि शिंगाच्या धनुष्यांची नोंद आहे. प्रत्यंचेच्या साहित्यात मूर्वा, रुई, ताग व स्नायू यांच्या जोडीला वेणू, म्हणजे बांबू, स्पष्ट सांगितलेला आहे. त्याहूनही जुना दाखला ग्रीक इतिहासकार हिरोडोटस याचा. इ. स. पूर्व ४८० मध्ये इराणच्या झर्क्सिसने ग्रीसवर स्वारी केली. त्या सैन्यातील हिंदी तुकडीच्या अंगावर सुती वस्त्रे आणि हाती वेतासारख्या दांड्याची धनुष्ये होती, असे तो सांगतो. पुष्कळ अभ्यासक हा दांडा बांबूचाच मानतात. कापूस आणि बांबू! पहिल्याने पुढे सुरतेचे बंदर जगात गाजवले. दुसरा सुरतेच्या पाठीमागच्या डोंगरात निमूट राहिला.

राजेरजवाड्यांची धनुष्ये निराळी होती. मोगली कमान लाकूड, शिंग, स्नायू आणि सरस यांची बनत असे. ती आखूड, जोरदार आणि मोठी देखणी. पण करायला वेळ फार, किंमत फार आणि दमट हवेत सरस सुटण्याची धास्ती. कामठ्यात सरस नाही, सांधा नाही. पावसाळी डोंगरात जे टिकावे तेच तेथे जन्माला आले.

साध्या लाकडाच्या धनुष्याची कथा युरोपातही अशीच आहे. तेथे ॲश नावाचा एक वृक्ष होतो. त्याचे लाकूड लवचिक, सरळ तंतूंचे. अवजारांचे दांडे, भाले, बाण त्याचेच करीत. हिमालयात त्याचे भाऊबंद आहेत. तापीच्या खोऱ्यात मात्र तो नाही. आपल्याकडे ते काम धामण नावाचा वृक्ष करतो. संस्कृतात या वृक्षाचे नाव धन्वन, आणि धन्वन् म्हणजे धनुष्य. यावरून काय ते समजावे. इंग्लंडात उत्तम धनुष्य यू वृक्षाचे मानीत, पण ते महाग पडे. म्हणून एल्म आणि ॲश यांची धनुष्ये गरिबाच्या हाती दिसत. रॉजर ॲशम या विद्वानाने १५४५ साली धनुर्विद्येवर इंग्रजीत एक संवादग्रंथ लिहिला. त्यात त्याने ॲशच्या धनुष्याला कमी लेखले, पण बाणासाठी ते लाकूड वाखाणले. हा ॲशम पुढे राजकन्या एलिझाबेथचा शिक्षक झाला. त्याच साली मेरी रोझ हे राजाचे युद्धनौकाजहाज पोर्टस्मथजवळ बुडाले; १९८२ मध्ये ते वर काढले गेले, आणि त्यातून मिळालेली शंभरांहून अधिक धनुष्ये आज पाहावयास मिळतात.

पण मला येथे सांगायचे आहे ते इंग्लंडच्या कायद्याविषयी. १३६३ साली तिसऱ्या एडवर्डने हुकूम काढला की, सणासुदीच्या दिवशी प्रजेने इतर खेळ सोडून तिरंदाजीचा सराव करावा. आठव्या हेन्रीच्या काळी तर धनुष्यकारांनी यूबरोबर एल्म, ॲश अशा स्वस्त लाकडांचीही धनुष्ये करावीत, असा नियम झाला; हेतू हा की, सामान्य माणसाला धनुष्य परवडावे. १४१५ साली अजिंकोर्टच्या रणावर फ्रेंच सरदारांचा मोड करणारे तिरंदाज याच सामान्य प्रजेतून आले होते. शेतकऱ्याच्या हातातील धनुष्य हे त्या राज्याला आपले बळ वाटत होते.

आता त्याच देशाच्या राजवटीने आपल्याकडे काय केले ते पाहा. १८१८ मध्ये खानदेश कंपनीच्या ताब्यात आला. भिल्लांशी झुंज सुरू झाली. १८२५ साली आउट्रमने धरणगावास भिल्ल पलटण उभारली आणि त्याच तिरंदाजांच्या हाती बंदूक दिली. १८४२ मध्ये डांगच्या राजांकडून तेथील जंगल पट्ट्याने घेण्यात आले. ११ एप्रिल १८५८ रोजी सातपुड्यात आंबापाणी येथे भिल्लांनी कंपनीच्या फौजेला तोंड दिले. त्यानंतर वीस वर्षांनी, १८७८ साली, दोन कायदे झाले. एक जंगलाचा, दुसरा शस्त्रांचा. शस्त्रांच्या कायद्यात बंदुका, तलवारी, तोफा यांच्या यादीतच धनुष्यबाण हे शब्द घालण्यात आले. सूट देण्याचा अधिकार सरकारने राखून ठेवला होता, हे खरे. पण सूट ही मेहेरबानी असते, हक्क नव्हे. ज्या बांबूचा कामठा करायचा तो एका कायद्याखाली गेला आणि केलेला कामठा दुसऱ्या कायद्याखाली, तोही एकाच वर्षी! आपल्या घरी ज्याला लोकांचे बळ म्हटले, त्यालाच परक्या घरी धोका म्हटले गेले.

तो शस्त्रकायदा १९५९ साली जाऊन नवा आला. वन्य प्राण्यांच्या रक्षणासाठी १९७२ मध्ये झालेल्या कायद्यानेही धनुष्यबाणाची शस्त्रांत गणना केली आहे. जंगल विरळ झाले, श्वापदे उणावली. तेव्हा शिकारीला आळा घालणे भागच होते, त्याविषयी माझा वाद नाही. शिकार थांबली तरी विद्या जगू शकते, एवढेच माझे म्हणणे आहे. राजस्थानच्या आदिवासी कुटुंबातील लिंबा राम लहानपणी बांबूच्या धनुष्यावर हात बसवून १९८८ मध्ये सोलच्या आणि १९९२ मध्ये बार्सिलोनाच्या ऑलिंपिकमध्ये उतरले. १९९१ साली त्यांना जो पुरस्कार मिळाला त्याचे नाव अर्जुन. २०१२ मध्ये पद्मश्रीही मिळाली. आदिवासी मुलांसाठी सरकारने काढलेल्या निवासी शाळांना एकलव्याचे नाव दिलेले आहे. नाव योग्यच आहे. मात्र त्या कथेत अंगठा मागणारा हा गुरू होता, ही गोष्ट आम्हा शिक्षकांनी विसरता कामा नये.

आता पुन्हा त्या कपाटाकडे येतो. वर्ष संपले तेव्हा मी कामठा काढून त्या मुलाच्या हाती दिला. दोरी महिनोन् महिने तशीच चढवलेली होती. त्याने ती उतरवली. पण धनुष्य सरळ झाले नाही. सतत ताणात राहिलेल्या बांबूचे तंतू थकतात आणि त्याची उसळी जाते. हे त्याला ठाऊक होते, मला नव्हते. त्याने कामठा क्षणभर उलटसुलट करून पाहिला आणि शांतपणे माझ्या टेबलावर ठेवला. "सर, आता ही काठी झाली," तो म्हणाला.

ती काठी मी अजून जपून ठेवली आहे. नव्या वर्गात पहिल्या दिवशी मी मुलांना विचारतो की, तुमच्या घरी काय काय करता येते ते सांगा. कोणी जाळे विणणे सांगतो, कोणी टोपली, कोणी जरीचे काम. मी ते फळ्यावर लिहितो, आणि मगच पुस्तक उघडतो.