नदीचं तळं झालं तेव्हा

24 फेब्रुवारी 1976 रोजी पैठणच्या जायकवाडी धरणाचं लोकार्पण झालं आणि आम्हा कहार-भोयांच्या नदीचं तळं झालं. त्याआधी 18 ऑक्टोबर 1965 रोजी लालबहादूर शास्त्रींनी धरणाची पायाभरणी केली होती. लोकार्पणाला इंदिरा गांधी आल्या. सुमारे 10 किलोमीटर लांबीचं मातीचं धरण, 27 दरवाजे, 102 टीएमसीचा साठा आणि पूर्ण भरल्यावर साडेतीनशे चौरस किलोमीटरच्या आसपास पसरणारं पाणी. छत्रपती संभाजीनगर शहराची तहान हेच पाणी भागवतं. जायकवाडीचा इतिहास सांगताना सिंचन येतं, विस्थापन येतं, नगर-नाशिकशी चाललेला पाण्याचा तंटा येतो. ज्यांचं पोट पाण्यावर होतं त्यांनी हे नवं पाणी कसं ओळखलं, हे मात्र फार क्वचित सांगितलं जातं. मी जन्मभर जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवलं, पण जन्मलो नावाड्याच्या घरात. म्हणून ते सांगणं माझ्याकडे येतं. त्यातही पाऊस सरत येतो त्या भाद्रपद-आश्विनाबद्दल सांगायला हवं. मासळीचा हंगाम तेव्हाच भरात येतो आणि पाणी दगा देतं तेही तेव्हाच.

आमच्या गंगथडीत गोदावरीला गोदावरी म्हणणारा माणूस बाहेरचा समजावा. आमची ती गंगा. धरणापूर्वी तिच्या काठच्या गावांना ठरलेले उतार होते आणि उतारावर नावाड्याचं घर. माझा आजा पावसाळाभर माणसं, बकऱ्या, धान्याची पोती पलीकडे न्यायचा आणि सुगीला खळ्यावर जाऊन आपल्या वाट्याचं धान्य आणायचा. रोजच्या पैशाचा व्यवहार त्यात नव्हता. लाकडी नाव गावाची असे, घराघरात असे ती सांगड. वाळवलेले मोठे भोपळे बाजेला किंवा बांबूच्या चौकटीला बांधायचे, त्यावर एक माणूस आणि त्याचं जाळं. भोपळा फुटला तरी बाकीचे तारून न्यायचे. कायगाव टोक्याला प्रवरा गोदावरीला मिळते. तिथे दोन पाण्यांचा ओढ एकमेकांवर आदळतो. त्या जागी सांगड घालायची नाही, हा आमच्याकडचा पहिला धडा.

मासेमारीचं वर्ष चढण आणि उतरण यांनी ठरत असे. मृगाच्या पहिल्या पाण्याला मासे अंडी घालायला ओढ्यानाल्यांतून वर चढतात, ती चढण. पुढे पाणी ओसरू लागलं की मोठे मासे आणि नवी पिल्लं पुन्हा नदीकडे येतात, ती उतरण. उत्तरा नक्षत्र साधारण 13 सप्टेंबरला लागतं आणि हस्त 27 ला. उत्तरेत पाणी गढूळ, हस्त सरता सरता निवळायला लागतं. माणसं ओढ्याच्या मुखाशी बांबूच्या कामट्यांचे सापळे लावायची. मरळ, वाम, शिंगाडा, झिंगे मिळायचे. चढणीच्या गाभोळीच्या माशांवर तुटून पडणारा माणूस जाणत्यांच्या नजरेतून उतरायचा. पुढच्या वर्षाची मासळी त्याच पोटात असते, हे सांगायला त्यांना कुणा खात्याची गरज लागली नाही.

डोहांना साती आसरांचं ठाणं असे. काठावर शेंदूर लावलेले सात दगड. नवं जाळं आधी त्यांच्यासमोर ठेवायचं, हिरवं कापड आणि नारळ वाहायचा, आणि त्या डोहात जाळं टाकायचं नाही. उन्हाळ्यात नदीची धार तुटली की मासे त्याच डोहांत तग धरायचे. श्रद्धेने राखलेले ते डोह नदीचं बियाणं सांभाळत होते.

धरण भरलं आणि हे सगळं पाण्याखाली गेलं. शंभरहून अधिक गावं उठली. आमचा उतारही गेला आणि आसरांचे दगडही. संत एकनाथांनी 1599 मध्ये ज्या गंगेत जलसमाधी घेतली, तिच्या अडवलेल्या पाण्याला नाथसागर हे नाव मिळालं. शेतकऱ्याची जमीन गेली, ती सातबाऱ्यावर होती. नावाड्याचा उतार कुठल्याच कागदावर नव्हता, म्हणून त्याच्या भरपाईचा प्रश्नही कुणी विचारला नाही. जे राहिले त्यांनी सहकारी संस्था काढल्या आणि तळ्यात जाळी टाकायला सुरुवात केली.

तळ्यातली मासळीही बदलली. 10 जुलै 1957 रोजी डॉ. हिरालाल चौधुरी यांनी ओडिशात प्रेरित प्रजननाने कार्प माशांचं बीज मिळवलं. पुढे देशभरच्या धरणांमध्ये कटला, रोहू, मृगळ यांची बोटुकली सोडणं त्यामुळे शक्य झालं. ते नाथसागरातही आले आणि आमच्या बाजारात मोठ्या तुकड्यांची मासळी आली. त्यामागून चिलापी शिरली, तिने जागा अडवली. मरळ आणि वाम आता नशिबाने मिळतात.

मासळीचा बदल आम्ही पचवला. पाण्याचा बदल मात्र जीव घेऊन शिकवून गेला. नदीत भीती ओढाची. ओढ दिसतो, ऐकू येतो, त्याचा रस्ता ठरलेला असतो. तळ्यात भीती वाऱ्याची. सकाळी आरशासारखं असलेलं पाणी दुपारनंतर उठतं. इतक्या उघड्या पसाऱ्यावर वाऱ्याला अडवायला डोंगर नाही की झाडी नाही, त्यामुळे लाट वाढतच काठापर्यंत येते. हस्ताच्या दिवसांत सकाळभर उकाडा असतो, तिसऱ्या प्रहरी पूर्वेकडे काळं दाटतं, आधी वारा येतो, मग वीज आणि मग पाऊस. मधल्या पाण्यात असलेल्या माणसाला काठ गाठायला तेवढा वेळ पुरत नाही. माझे वडील म्हणायचे, "नदीत पाण्याकडं बघावं, तळ्यात आभाळाकडं." हे त्यांना आज्याने शिकवलं नव्हतं. आज्याला तळं माहीतच नव्हतं.

दुसरा धोका पाण्याखालचा. उन्हाळ्यात पाणी मागे हटतं तशी मोकळ्या झालेल्या जमिनीवर गाळपेर होते. कुंपणं पडतात, पाइप टाकले जातात, मोटारींच्या तारा ओढल्या जातात, वेड्या बाभळी माजतात. भाद्रपदात पाणी पुन्हा चढतं आणि हे सगळं हातभर पाण्याखाली दिसेनासं होतं. त्याच्याखाली जुन्या गावांच्या भिंती आहेतच. जाळं अडकलं की माणूस ते सोडवायला वाकतो, आणि नाव तिथेच कलते. काठच्या मोटारीची तार पाण्यात पडलेली असेल, तर पोहता येऊनही उपयोग नाही.

तिसरा धोका दूरवरून येतो. इथे ऊन पडलेलं असतं आणि नाशिकच्या घाटमाथ्यावर पाऊस कोसळत असतो. नांदूर मध्यमेश्वरहून सोडलेलं पाणी, प्रवरेचं आणि मुळेचं पाणी एकापाठोपाठ येऊन भिडतं. फुगवट्याच्या वरच्या टोकाला, टोक्याच्या बाजूला, ते पाणी नदीसारखंच ओढ घेऊन येतं, सोबत ओंडके आणि जलपर्णीचे गठ्ठे असतात. पातळी 1522 फुटांकडे सरकली की पैठणला दरवाजे उघडतात. ऑगस्ट 2006 मध्ये धरणातून सोडलेल्या पाण्याने पैठण गावात शिरून काय केलं, ते तिथल्या माणसांना सांगावं लागत नाही. तरीही विसर्ग सुरू असताना धरणाच्या पायथ्याला पाण्याबरोबर आलेली मासळी धरायला गर्दी होते. उघडलेल्या दरवाजाखालचं पाणी कुणालाही, अगदी पट्टीच्या पोहणाऱ्यालाही, सोडत नाही.

या पाण्यावर माणूस कशात बसून जातो? सांगड गेली, लाकडी नाव महाग झाली, आणि तिची जागा चप्पूने घेतली. थर्माकोलचे जाड तुकडे पोत्यात किंवा प्लॅस्टिकमध्ये शिवायचे, वर फळी टाकायची, हाती वल्ह्याला लाकूड. स्वस्त, हलका, एकटा माणूस खांद्यावर नेऊ शकतो. गरिबाने शोधलेली ही वस्तू आहे आणि तिने हजारो चुली पेटत्या ठेवल्या, हे मी मान्य करतो. पण चप्पूला कठडा नाही, कणा नाही, बाजूच्या लाटेवर तो उलटतो. 2022 मध्ये गंगापूर तालुक्यातल्या भिवधानोऱ्याची लेकरं थर्माकोलवर बसून फुगवटा ओलांडत शाळेत जातात, ही बातमी वाचून उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने स्वतःहून दखल घेतली. मी शिक्षक होतो. वर्गात हजेरी घेताना लेकरू कोणत्या वाटेने आलं हे विचारायची सवय आमच्यातल्या प्रत्येकाला हवी होती.

मोठ्या नावाही वाऱ्यापुढे टिकत नाहीत. 21 मे 2024 रोजी उजनी जलाशयात कुगाव-कळाशी मार्गावरची बोट वादळी वाऱ्यात उलटली आणि सहा जण गेले. त्याच आठवड्यात अकोले तालुक्यात, जी प्रवरा पुढे आमच्या नाथसागराला मिळते तिच्या पात्रात, बुडालेल्यांचा शोध घेणाऱ्या राज्य आपत्ती प्रतिसाद दलाची बोट उलटली आणि तीन जवानांचा मृत्यू झाला. शिकलेले, सराव केलेले जवान होते ते. पाण्यापुढे धाडसाचा काही हिशेब लागत नाही.

आज्याच्या पिढीने नदीचे नियम देवाच्या नावाने बांधले होते, म्हणून ते पाळले गेले. तळ्याचे नियम बांधायचं काम आमच्या पिढीने अर्धवट ठेवलं. ते आता पुरं करायला हवं. माझं मागणं साधं आहे. ठेका देताना प्रत्येक मच्छीमार संस्थेकडे सभासद तेवढी तरंगती जाकिटं आहेत की नाहीत हे तपासावं, आणि ती घेण्यासाठी अनुदान द्यावं. विसर्गाची सूचना जशी खालच्या गावांना जाते, तशी वरच्या फुगवट्यातल्या जाळेवाल्यांच्या मोबाइलवरही जावी. गाळपेरीच्या तारा आणि पाइप पाणी चढण्याआधी काढून घेणं सक्तीचं व्हावं. आणि शाळेच्या वाटेवर कुठेही चप्पू असू नये.

शहरातून सुट्टीला पैठणला किंवा फुगवट्याच्या काठावर येणाऱ्यांनाही सांगतो. आश्विनात नाथसागर फार देखणा असतो, पाहुणे पक्षी यायला लागलेले असतात, जरूर या. पण जाकीट मिळाल्याशिवाय नावेत पाऊल टाकू नका. दुपारनंतर पाण्यात उतरू नका. नावाडी "आज नको" म्हणाला, तर त्याला जास्त पैसे देऊ करू नका. त्याचं ऐका.