दरसाल नवे होणारे घर : नांदेड-लातूरकडील पोताऱ्याचा मागोवा

घट बसण्याआधी आमच्याकडे ‘दसरा काढतात’. मराठवाड्याबाहेरच्या वाचकाला हा शब्दप्रयोग नवा वाटेल, म्हणून थोडे सांगतो. दसरा काढणे म्हणजे घरातले एकूण एक सामान अंगणात आणणे, वाकळा नदीवर नेऊन धुणे, उतरंडी उतरवून घासणे, भिंती पोतारणे आणि जमीन सारवणे. चार-पाच दिवसांत जुने घर नवे दिसू लागते. खर्च म्हणाल तर थोडा चुना आणि निळीची पुडी. माती गावची, शेण गोठ्यातले आणि मेहनत घरच्या बायकांची. त्या मेहनतीचा हिशेब कोणी मांडत नसे, म्हणून हे काम स्वस्त म्हणायचे.

कंधार तालुक्यातल्या आमच्या घरी लहानपणी मीही मातीची घमेली वाहिली आहेत. इतिहासाचे रीतसर शिक्षण मला मिळाले नाही. पण ही माती येते कुठून, या एका प्रश्नाने मला बरीच वर्षे गावोगाव फिरवले.

गावाचे दोन भाग आपण जाणतो. पिकते ती काळी, वस्ती असते ती पांढरी. एकाच जागी पिढ्यान्‌पिढ्या घरे बांधली गेली, पडली, पुन्हा बांधली गेली. पडक्या भिंती, चुलीतली राख, शेणाचे थर यांनी ती जमीन उंच आणि फिकट झाली. महाराष्ट्रातले पुरातत्त्वज्ञ जुन्या वस्तीच्या शोधात अशी पांढरीची टेकाडे मुद्दाम पाहतात. लातूरला लागून असलेल्या धाराशिव जिल्ह्यातले तेर, म्हणजे प्राचीन तगर, हे याचे ठळक उदाहरण. सातवाहनकाळी या नगराचा व्यापार पार रोमपर्यंत पोचला होता. तिथल्या टेकाडांत सापडलेल्या मूर्ती, मणी, खापरे रामलिंगप्पा लामतुरे यांनी जपली. आज तेरच्या वस्तुसंग्रहालयाला त्यांचेच नाव आहे.

भिंती पोतारायची माती अशाच टेकाडातून किंवा पडक्या गढीतून आणली जाई. म्हणजे आजीच्या घराची भिंत आदल्या पिढ्यांच्या घरांच्या मातीनेच उजळत होती. यात एक नुकसानही झाले, ते लपवू नये. पोताऱ्यासाठी, छतासाठी आणि शेतात खत म्हणून उकरता उकरता कित्येक गढ्या अर्ध्या झाल्या आणि त्यांच्या पोटातला इतिहास मातीबरोबर गेला.

चुन्याची गोष्ट निराळी. औसा, उदगीर, कंधार येथील किल्ल्यांचे बांधकाम चुन्यातले. कळीचा चुना भट्टीत भाजायचा, भिजवायचा, वाळू घालून बैलाच्या घाणीत मळायचा, हे खर्चाचे काम. सामान्य माणसाने दगड मातीतच रचला आणि चुना घेतला तो फक्त वरून फासायला. श्रीमंताच्या भिंतीत चुना पोटात होता, गरिबाच्या भिंतीला तो कातडीपुरता मिळाला. या फरकाचा परिणाम पुढे दिसला.

आगगाडी आल्यावर घराच्या आतले रूप पालटू लागले. १९०० च्या सुमारास हैदराबाद-मनमाड मार्ग नांदेडवरून सुरू झाला आणि १९११ मध्ये बार्शी लाइट रेल्वे लातूरला पोचली. निजामाच्याच राज्यातल्या गुलबर्गा जिल्ह्यातली शहाबादी फरशी ऐपतदार घरांत दिसू लागली. फरशी आली तिथले सारवण थांबले. पण खेड्यात भिंतीवरचा पोतारा आणि डोक्यावरचे माळवद तसेच राहिले.

माळवद म्हणजे तुळया, त्यांवर फळ्या किंवा किलच्या आणि वर मातीचा जाड थर. उन्हाळ्यात घर थंड ठेवणारी यासारखी स्वस्त सोय दुसरी नव्हती. मात्र गळू नये म्हणून पावसाळ्यापूर्वी वर नवी माती टाकावी लागे. जुनी काढायची कोण? नवी टाकणेच सोपे. थर वाढत जाऊन दीड-दोन फुटांवर गेला. दहा फूट लांब, दहा फूट रुंद खोलीवर एक फूट माती म्हणजे सुमारे चार टन वजन होते. थर दोन फुटांचा झाला की आठ टन.

३० सप्टेंबर १९९३, पहाटे ३ वाजून ५६ मिनिटे. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी झाली होती, दसरा साडेतीन आठवड्यांवर होता. किल्लारी, सास्तूर परिसरात ६.२ तीव्रतेचा भूकंप झाला आणि सुमारे आठ हजार माणसे गेली. बहुतेक गेली ती स्वतःच्याच घरांखाली. दोन-अडीच फूट जाडीच्या त्या भिंती बाहेरून एकसंध दिसत. प्रत्यक्षात आतला आणि बाहेरचा असे दगडांचे दोन पदर होते, मध्ये भर होती खडी-मातीची. दोन्ही पदरांना बांधणारे आरपार दगड नव्हते. हादरा बसताच पदर सुटले आणि वरचे माळवद खाली आले. जिथे छताचा भार सागवानी खांबांवर होता आणि सांधे पक्के होते, तिथे भिंती पडूनही छत उभे राहिल्याची उदाहरणे आहेत.

मग दरसालच्या पोताऱ्याला दोष द्यायचा का? मला तसे वाटत नाही. पोतारणारीचा हात वर्षातून एकदा भिंतीच्या इंचाइंचावरून फिरत होता. भेग कुठे पडली, भिंतीला पोट कुठे आले, हे सर्वांत आधी तिला कळत होते. पण भेग तिने बुजवायची आणि दुरुस्ती गवंड्याने करायची, अशी वाटणी होती. गवंड्याला द्यायला पैसा नसला की भेग नुसती लिंपली जाई.

पुढे ५२ गावे नव्या जागी वसली. जमिनीच्या प्रमाणात २५०, ४०० आणि ७५० चौरस फुटांची घरे मिळाली. पक्की, ओळीत उभी, पण ढेळज नसलेली आणि देवळी नसलेली. लोकांनी ती हळूहळू आपली केली. कोणी पुढे पत्र्याची पडवी काढली, कोणी ओटा बांधला. सिमेंटच्या घरापुढेही मातीचा पट्टा राखून तो सारवणाऱ्या बाया मी पाहिल्या आहेत. दिवाळीत शेणाच्या गवळणी मांडायला तेवढी जागा हवीच.

मागे राहिलेल्या मातीच्या घरांसाठी या इतिहासातून निघणारे शहाणपण साधे आणि कमी खर्चाचे आहे. पोतारण्याआधी भिंत न्याहाळावी. पोट आले असेल तर रंगाचा पैसा आधी गवंड्याला द्यावा आणि आरपार दगड बसवून घ्यावेत. मातीच्या भिंतीवर सिमेंटचा गिलावा किंवा ऑइलपेंट लावू नये, आत ओल कोंडते आणि पापुद्रे सुटतात. भिजवून मुरलेला चुना गाळून, चिमूटभर नीळ घालून, भिंत ओली करून त्याचे दोन-तीन पातळ हात द्यावेत. हवेतला कर्बवायू घेऊन तो चुना पुन्हा दगडासारखा घट्ट होतो आणि भिंतीला श्वासही घेऊ देतो. आणि माळवदावर नवी माती टाकण्याआधी जुनी उतरवावी.

यंदा आम्ही दसरा काढला तो माळवदापासून. थर मोजला, पावणेदोन फूट भरला. चांगला फूटभर उतरवला आणि बैलगाडीने शेतात नेऊन पांगवला. पांढरीची माती काळीत गेली. मग भिंतींना चुना दिला.