मीरा-भाईंदर : महिला आणि मुलींच्या उपक्रमांना अनुदान येते कोठून?

दहिसरचा चेकनाका ओलांडला की मीरा-भाईंदरची हद्द सुरू होते. काशी, मीरा, नवघर, घोडबंदर आणि भाईंदर या ग्रामपंचायती एकत्र करून १२ जून १९८५ रोजी येथे नगरपालिका स्थापन झाली. १९९० मध्ये उत्तन, डोंगरी, राई, मुर्धे हा पश्चिमेकडील पट्टा तिला जोडला गेला आणि २८ फेब्रुवारी २००२ रोजी महापालिका अस्तित्वात आली. २००१ च्या जनगणनेत सुमारे ५ लाख २० हजार असलेली लोकसंख्या २०११ मध्ये ८ लाखांच्या पुढे गेली. एवढ्या झपाट्याने वाढलेल्या शहराच्या वाट्याला पुण्या-मुंबईसारखे जुन्या घराण्यांचे धर्मादाय न्यास फारसे आलेले नाहीत. त्यामुळे येथील एखाद्या महिला मंडळाला शिवणवर्ग, पाळणाघर, समुपदेशन केंद्र किंवा मुलींसाठी अभ्यासिका चालवायची असेल, तर पैशासाठी प्रामुख्याने तीन दारे ठोठवावी लागतात : महापालिका, बचत गटांच्या शासकीय योजना आणि खासगी देणगीदार.

यातील पहिले दार सर्वांत जवळचे. महाराष्ट्रातील महापालिकांमध्ये महिला व बालकल्याण समिती ही वैधानिक समिती असते आणि तिच्या सदस्यांत महिला नगरसेवकांचे बहुमत असते. महिला व बालकल्याणाच्या योजनांसाठी अर्थसंकल्पातील पाच टक्के रक्कम राखून ठेवण्याचे धोरण राज्यात रूढ आहे. १९९४ मध्ये महाराष्ट्राने महिला धोरण जाहीर केले, त्यानंतरच्या काळात अशा तरतुदींना बळ मिळाले. कागदावर ही व्यवस्था भक्कम आहे. अडचण खर्चाच्या पद्धतीत आहे. हा निधी वर्षाच्या हिशेबाने येतो आणि मार्चअखेर संपवावा लागतो. साहजिकच राज्यभरातील महापालिकांचा कल एकदाच करता येईल अशा गोष्टींकडे राहिला : शिलाई यंत्रांचे वाटप, ब्युटी पार्लर किंवा संगणकाचे अल्पमुदतीचे प्रशिक्षण, महिला दिनाचा मेळावा, शाळकरी मुलींना सायकली. डिसेंबर २०१६ च्या शासन निर्णयाने वस्तूंऐवजी रक्कम थेट लाभार्थीच्या बँक खात्यात जमा करण्याचे धोरण आले. वाटपातील गैरप्रकारांना त्यामुळे आळा बसला असेल. परंतु यंत्र मिळालेल्या महिलेला काम कोण देणार, हा प्रश्न जिथल्या तिथेच राहिला.

समिती ही सभागृहाच्या आयुष्याशी बांधलेली असते, हेही लक्षात घेण्यासारखे आहे. मीरा-भाईंदरमध्ये २०१७ च्या निवडणुकीतून आलेल्या सभागृहाची मुदत ऑगस्ट २०२२ मध्ये संपली आणि जानेवारी २०२६ च्या निवडणुकीपर्यंत कारभार प्रशासकाच्या हाती होता. म्हणजे तीन वर्षांहून अधिक काळ महिला व बालकल्याणाच्या निधीवर जाहीर चर्चा करणारी लोकनियुक्त समितीच नव्हती. निधी अर्थसंकल्पात असतो. पण तो कोणत्या वस्तीत, कोणत्या कामावर खर्च व्हावा हे विचारणाऱ्या नगरसेविका नसल्या की छोट्या मंडळांना दाद मागायला जागा उरत नाही.

दुसरे दार बचत गटांचे. राज्यात महिला आर्थिक विकास महामंडळ २४ फेब्रुवारी १९७५ रोजी स्थापन झाले; नाबार्डने १९९२ मध्ये गटांना बँकांशी जोडण्याचा कार्यक्रम सुरू केला. शहरी भागासाठी प्रथम १९९७ ची सुवर्णजयंती शहरी रोजगार योजना आणि २०१३ पासून राष्ट्रीय नागरी उपजीविका अभियान आले. अभियानात पात्र गटाला १० हजार रुपयांचा फिरता निधी आणि अनेक गटांच्या वस्तीस्तरीय संघाला ५० हजार रुपये देण्याची तरतूद होती. दहा-पंधरा जणींच्या गटात १० हजार म्हणजे प्रत्येकीच्या वाट्याला फार तर हजार रुपये! या रकमेचे खरे मोल वेगळे होते. तिच्यामुळे गटाचे बँकेत खाते, हिशेबाची वही आणि परतफेडीची सवय तयार होई व पुढे कर्ज मिळणे सुकर होई. उत्तनच्या मासेविक्रेत्या असोत वा भाईंदर पूर्वेच्या स्टीलच्या भांड्यांच्या गाळ्यांभोवती राहणाऱ्या कामगार कुटुंबांतील महिला, व्यवसायासाठी कर्ज हवे असेल त्यांना हा मार्ग उपयोगी. समुपदेशन, कायदेशीर मदत, मुलींचे शिक्षण यांसाठी मात्र त्याचा उपयोग नाही, कारण या कामांतून परतफेड होत नसते.

अशा कामांना खासगी अनुदानच लागते आणि तेथे मीरा-भाईंदरच्या भूगोलाचा अडसर येतो. २०१३ च्या कंपनी कायद्यातील कलम १३५ नुसार ५०० कोटी रुपयांची निव्वळ मालमत्ता, १,००० कोटींची उलाढाल किंवा ५ कोटींचा निव्वळ नफा असलेल्या कंपन्यांना मागील तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या दोन टक्के रक्कम सामाजिक कामांवर खर्च करावी लागते. स्त्री-पुरुष समानता, महिलांचे सक्षमीकरण, महिलांसाठी वसतिगृहे हे विषय त्या यादीत आहेत. परंतु कंपनीने आपल्या कार्यक्षेत्राच्या परिसराला प्राधान्य द्यावे, असेही कायदा सांगतो. मीरा रोड आणि भाईंदरहून लोकलने हजारो नोकरदार रोज मुंबईत जातात. नफा अंधेरी-वांद्र्याच्या कचेरीत नोंदला जातो, तेथे राबणारी कर्मचारी महिला राहते मात्र मीरा रोडला. ‘परिसर’ या शब्दाचा अर्थ कचेरीभोवतीचा भाग असा घेतला गेला, तर तिच्या वस्तीचा त्या दोन टक्क्यांवरचा दावा आपोआप दुबळा होतो. शहरातील लघुउद्योग बहुतांशी या मर्यादेच्या खालीच राहतात.

परदेशी देणग्यांबाबतही वाट अरुंद झाली आहे. पूर्वी परदेशी अनुदान मिळवणारी मोठी संस्था त्यातील काही भाग उपनगरातील छोट्या नोंदणीकृत संस्थांना देऊ शकत असे. विदेशी अंशदान कायद्यातील २०२० च्या दुरुस्तीने असे हस्तांतर बंद केले आणि प्रशासकीय खर्चाची मर्यादा ५० टक्क्यांवरून २० टक्क्यांवर आणली. पैशाचा गैरवापर टाळण्याचा हेतू समजण्याजोगा आहे. पण समुपदेशन केंद्रात समुपदेशकाचा पगार हाच मुख्य खर्च असतो. तो कोणत्या रकान्यात धरायचा, यावर प्रकल्पाचे भवितव्य ठरते.

महाराष्ट्राच्या इतिहासात या प्रश्नाची दोन उत्तरे सापडतात. महर्षी कर्वे यांनी १८९६ मध्ये अनाथ बालिकाश्रम स्थापन केला आणि वर्षानुवर्षे दारोदार वर्गणी गोळा करून तो चालवला. १९१६ मध्ये त्यांनी महिला विद्यापीठ सुरू केले. त्याला १९२० मध्ये सर विठ्ठलदास ठाकरसी यांनी १५ लाख रुपयांची देणगी जाहीर केली आणि विद्यापीठाला त्यांच्या मातोश्री नाथीबाईंचे नाव मिळाले. दुसरे उत्तर गिरगावातले. १९५९ मध्ये सात जणींनी ८० रुपये उसने घेऊन पापड लाटायला सुरुवात केली. त्यातून श्री महिला गृहउद्योग लिज्जत पापड उभे राहिले. देणगी मागायची नाही, हा तेथे सुरुवातीपासूनचा दंडक. पापड विकता येतो, म्हणून तो पाळता आला. विद्यापीठ, पाळणाघर किंवा मारहाण सोसून आलेल्या महिलेला दिलेला आसरा विकता येत नाही. त्यासाठी ठाकरसींसारखा दाता किंवा कर्व्यांसारखी चिकाटी लागते.

आजच्या नियमांत चिकाटीचा बराचसा भाग कागदपत्रांवर खर्च होतो. १८६० च्या संस्था नोंदणी कायद्याखाली किमान सात सदस्य लागतात. शिवाय १९५० च्या सार्वजनिक न्यास कायद्याखाली नोंदणी करावी लागते. त्यासाठी मीरा-भाईंदरच्या संस्थांना ठाण्याचे धर्मादाय कार्यालय गाठावे लागते. विश्वस्त बदलले की बदल अर्ज दाखल करावा लागतो. तो राहून गेला, तर जुन्या, कधी दिवंगत झालेल्या विश्वस्तांचीच नावे दप्तरी राहतात आणि अनुदानाचा अर्ज तेथेच अडतो. प्राप्तिकर सवलतीची नोंदणी पूर्वी कायमस्वरूपी असे. २०२१ पासून ती मुदतीची झाली. कंपन्यांचा निधी हवा असेल, तर १ एप्रिल २०२१ पासून सीएसआर-१ हा अर्ज केंद्र सरकारकडे भरून क्रमांक घ्यावा लागतो.

हे सारे पार पडल्यावर अनुदान किती काळासाठी मागायचे, हा मुद्दा येतो. २०२१ च्या नियमांनुसार कंपनी एखादे काम ‘चालू प्रकल्प’ म्हणून मंजूर करू शकते आणि त्याची मुदत सुरुवातीचे वर्ष सोडून आणखी तीन वर्षांपर्यंत असू शकते. आठवीत अभ्यासिकेत आलेली मुलगी चौथ्या वर्षी अकरावीत असते. एका वर्षाच्या अनुदानात ती नववीतच सुटते. म्हणून अर्ज करणाऱ्या मंडळांनी पहिल्याच पत्रात ‘चालू प्रकल्प’ हा शब्द वापरून बहुवर्षीय मंजुरी मागावी आणि शिक्षिका, समुपदेशक यांचे मानधन प्रशासकीय खर्चात न दाखवता कार्यक्रमाच्या खर्चात स्वतंत्र लिहावे. महापालिकेकडे जायचे असेल, तर मागणीपत्र अर्थसंकल्प सादर होण्यापूर्वी, म्हणजे हिवाळ्यातच महिला व बालकल्याण विभागाकडे पोहोचलेले बरे.