एकच विजय आणि जगज्जेतेपद

रॅली म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर काय येतं? झेंडे, घोषणा आणि तासभर अडकून पडलेली वाहतूक! पण मोटारींच्या शर्यतीतही रॅली नावाचा एक प्रकार आहे, आणि त्याचा या गोंगाटाशी काही संबंध नाही. या रॅलीत प्रत्येक गाडी एकटीच धावते. समोर कुणी नाही, शेजारी कुणी नाही. एकेक गाडी काही मिनिटांच्या अंतराने सुटते, आणि झाडी, चिखल, बर्फ, धूळ यांतून जाणारा ठरावीक टप्पा किती सेकंदांत पार केला याची नोंद होते. असे पंधरा-वीस टप्पे. सगळ्यांची बेरीज करून ज्याचा वेळ कमी तो विजेता. सगळी झुंज घड्याळाशी!

आज ज्याच्याविषयी लिहायचं आहे तो रिचर्ड बर्न्स. जन्म १७ जानेवारी १९७१, इंग्लंडमधल्या रेडिंगचा. २००१ साली तो जगज्जेता झाला. इंग्लंडचा तो पहिलाच आणि २०२५ अखेरपर्यंत एकमेव. (त्याच्या आधी १९९५ साली जिंकलेला कॉलिन मॅक्रे स्कॉटलंडचा.) आणि गंमत अशी, की ज्या वर्षी बर्न्स जगज्जेता झाला त्या वर्षी चौदा रॅलींपैकी त्याने जिंकली फक्त एक!

मग हे विजेतेपद खरं की नशिबाचं? रॅलीचे शौकीन यावर अजून वाद घालतात. मला मात्र वाटतं, त्या एका आकड्यातच त्याच्या साऱ्या कारकिर्दीचं सार आहे.

आठ वर्षांचा असताना घराजवळच्या शेतात वडिलांची गाडी चालवून या मुलाची सुरुवात झाली. १९९३ मध्ये तो ब्रिटिश रॅली अजिंक्यपद जिंकणारा तोवरचा सर्वात तरुण चालक ठरला. शेजारच्या आसनावर रॉबर्ट रीड हा सहचालक. ही जोडी शेवटपर्यंत फुटली नाही.

सहचालक करतो काय, हे सांगायला हवं. स्पर्धेच्या आधी दोघे मिळून तो रस्ता साध्या वेगाने पाहून घेतात. चालक प्रत्येक वळण बोलून दाखवतो - उजवं की डावं, किती तीव्र, पुढे आवळत जाणारं की मोकळं होणारं, कडेला दगड आहे का - आणि सहचालक ते खुणांच्या भाषेत वहीत उतरवतो. स्पर्धेत तीच वही तो वाचत जातो, वळण दिसायच्या आधी. चोर्ल्याच्या घाटात, भर पावसात, धुक्यात गाडी चालवलेल्याला कळेल की पुढचं वळण आधी कुणी सांगितलं तर काय फरक पडतो! चालक डोळ्यांपेक्षा वहीवर जास्त विश्वास ठेवतो. आणि बर्न्स-रीड यांची वही फार काटेकोर असे. तिथेच त्यांची अर्धी लढाई लढली जात असे.

त्याचा पहिला जागतिक विजय १९९८ साली केनियातल्या सफारी रॅलीत, मित्सुबिशीच्या गाडीत. त्या काळची सफारी म्हणजे गाडीची आणि माणसाचीही परीक्षा. रस्ते रहदारीला बंद नसत, मध्येच जनावरं येत, आणि त्यांची सूचना द्यायला वरून हेलिकॉप्टर फिरत असे. जोरात पळणारे तिथे गाड्या मोडून घेत. बर्न्सला ठाऊक होतं, कुठे पळायचं आणि कुठे गाडीला जपायचं. तेव्हा तो होता सत्तावीस वर्षांचा!

पुढे सुबारूकडून १९९९ मध्ये तीन विजय, पण अजिंक्यपदात दुसरा. फिनलंडचा टॉमी मॅकिनेन पुढे. २००० मध्ये चार विजय, तरी दुसराच. या वेळी मार्कस ग्रॉनहोम अवघ्या पाच गुणांनी पुढे. चार-चार रॅली जिंकूनही हाती काही नाही!

आणि मग आलं २००१. सुरुवात तर फारच वाईट. पहिल्या चार रॅलींत मिळून फक्त तीन गुण. तेव्हा पहिल्याला दहा, मग सहा, चार, तीन, दोन, एक असे गुण मिळत. तिकडे मॅकिनेन आणि मॅक्रे यांनी त्या हंगामात तीन-तीन रॅली जिंकल्या. मॅक्रेची रीत ठाऊकच आहे. एक तर पहिला, नाही तर खड्ड्यात. बर्न्स मात्र अर्जेंटिनात दुसरा, सायप्रसमध्ये दुसरा, फिनलंडमध्ये दुसरा. न्यूझीलंडमध्ये एकदाचा पहिला. कॉर्सिकात चौथा, ऑस्ट्रेलियात पुन्हा दुसरा. थेंबे थेंबे तळे साचे, ते असं!

शेवटच्या रॅलीला, वेल्सच्या जंगलात, उतरताना हिशेब असा : मॅक्रे ४२, मॅकिनेन ४१, बर्न्स ४०. पहिल्याच दिवशी मॅकिनेन बाद झाला. काही वेळाने मॅक्रेची गाडीही उलटली. आता बर्न्सला चौथं येणं पुरेसं होतं. ऐकायला सोपं वाटतं, नाही? पण मागे हटलेला चालक लय गमावतो, लक्ष विचलित होतं, आणि चूक नेमकी तेव्हाच होते. उरलेले दिवस निसरड्या चिखलातून, ना फार जोरात ना फार सावकाश, गाडी नेणं हे मला जिंकण्याहून अवघड वाटतं. तो तिसरा आला. एकूण गुण ४४. मॅक्रेपेक्षा दोनच जास्त. तारीख होती २५ नोव्हेंबर २००१.

आपल्याकडे घाटरस्त्यावर पाटी असते, 'अति घाई संकटात नेई'. ती वाचून आपण हसतो आणि पुढच्या गाडीला ओलांडतो. ताशी दीडशेच्या वेगातही या पाटीचा अर्थ ज्याला कळला होता, असा हा माणूस.

पण सगळीच वळणं वहीत लिहिलेली नसतात. २००३ मध्ये पर्जोकडून खेळताना एकही रॅली न जिंकता तो हंगामात बराच काळ गुणांत आघाडीवर होता. पुन्हा तीच रीत! शेवटच्या रॅलीआधी चौघांना संधी होती. साइन्झ आणि लोएब ६३, सोलबर्ग ६२, बर्न्स ५८. त्या रॅलीला स्वतःची गाडी चालवत जाताना महामार्गावरच बर्न्सची शुद्ध हरपली. शेजारी बसलेला प्रतिस्पर्धी चालक मार्क्को मार्टिन याने गाडी सावरली म्हणून अनर्थ टळला. तपासणीत मेंदूत गाठ निघाली. पुढच्या वर्षी सुबारूकडे परतायचं ठरलं होतं, ते राहूनच गेलं.

२५ नोव्हेंबर २००५ रोजी तो गेला. वय चौतीस. जगज्जेता झाला त्या दिवसाला नेमकी चार वर्षं झाली होती. कुटुंबीयांनी त्याच्या नावाने गंभीर आजारी आणि जखमी माणसांसाठी प्रतिष्ठान काढलं.

कारकिर्दीत एकूण दहा विजय. आकड्यांच्या यादीत त्याच्या वर कितीतरी नावं आहेत. आणि त्याच्या हाती आलेलं एकमेव विजेतेपद मिळालं ते एकाच विजयाच्या वर्षी! चार वेळा जिंकून जे मिळालं नाही, ते चार वेळा दुसरं येऊन मिळालं. दुसरं येण्याची आपल्याला लाज वाटते. मुलांनाही आपण तेच शिकवतो. पण दुसरं येऊन, पुढच्या रॅलीला शांतपणे पुन्हा नवी वही उघडणं, हे किती जणांना जमतं?