गोअन क्रेझी

गोमंतकीय गायक, गीतकार व संगीतकार रेमो फर्नांडिस (जन्म ८ मे १९५३) यांचा इंग्रजी गीतांचा आल्बम; १९८४ मध्ये कॅसेटच्या रूपात प्रसिद्ध. गीतलेखन, चाली, गायन, वादन, ध्वनिमुद्रण, वेष्टनाची सजावट आणि विक्री ही सर्व कामे एकट्या रेमो यांनी केली. चित्रपटसंगीताचे वर्चस्व असलेल्या काळात कंपनीच्या पाठबळाशिवाय श्रोत्यांपर्यंत पोहोचलेला आल्बम म्हणून भारतीय रॉक-पॉप संगीतात त्याचे नाव घेतले जाते.

पार्श्वभूमी : रेमो हे बार्देश तालुक्यातील शिवोलीचे. त्यांचे बालपण पोर्तुगीज राजवटीच्या अखेरच्या वर्षांत गेले. गोवा १९६१ मध्ये मुक्त झाला, तेव्हा ते आठ वर्षांचे होते. घरादारांत कोकणी मांडो व दुलपदे, पोर्तुगीज गाणी आणि चर्चमधील स्वरमेळ असे सारे कानांवर पडत होते. त्यातच रॉक अँड रोलच्या तबकड्यांची भर पडली. शाळकरी वयात ते ‘बीट फोर’ या वाद्यवृंदात होते. मुंबईच्या सर जे. जे. महाविद्यालयात वास्तुकला शिकत असताना ‘सॅव्हेजेस’ या त्या काळच्या नावाजलेल्या वाद्यवृंदात ते सामील झाले. पुढे युरोप व उत्तर आफ्रिकेत भटकंती करून ते गोव्यात परतले. स्वतःच्या इंग्रजी रचना घेऊन त्यांनी ध्वनिमुद्रण कंपन्यांचे उंबरठे झिजवले, परंतु त्यांना दाद मिळाली नाही. तेव्हा त्यांनी शिवोलीच्या घरातच ध्वनिमुद्रण सुरू केले.

ध्वनिमुद्रण : यासाठी चार ट्रॅकचा कॅसेट रेकॉर्डर वापरण्यात आला. साध्या कॅसेटच्या फितीवर प्रत्येक बाजूला दोन असे चार ट्रॅक असतात. या यंत्रात ते चारही एकाच दिशेने वापरले जातात. त्यामुळे त्यावर मुद्रित केलेली कॅसेट साध्या टेपरेकॉर्डरवर उलटी करून लावली, तर दोन ट्रॅक उलटे ऐकू येतात. वादक एकच असला की आधी ताल, मग गिटार, मग बेस असे एकेक वाद्य वेगळ्या ट्रॅकवर घ्यावे लागते. तीन ट्रॅक भरले की त्यांचे मिश्रण चौथ्यावर उतरवायचे आणि मोकळ्या झालेल्या तिन्हींवर नवी वाद्ये किंवा गळे चढवायचे. मात्र एकदा उतरवलेल्या मिश्रणातील कमीजास्त प्रमाण पुन्हा बदलता येत नाही आणि प्रत्येक उतरवणीत फितीची खरखर वाढते. त्यामुळे गाण्याची पूर्ण मांडणी आधीच डोक्यात पक्की असावी लागते. पॉल मॅकार्टनी यांनी १९७० मध्ये ‘मॅकार्टनी’ हा आल्बम बराचसा घरीच, एकट्याने वाद्ये वाजवून केला होता. ब्रूस स्प्रिंगस्टीन यांचा ‘नेब्रास्का’ (१९८२) तर अशाच चार ट्रॅकच्या कॅसेट यंत्रावर मुद्रित झाला. या दोघांमागे बड्या कंपन्या उभ्या होत्या. रेमो यांना मात्र कॅसेटच्या प्रती खपवण्यापर्यंतचे सगळे स्वतःच निभवावे लागले.

शैली : रेमो यांच्या या काळातील संगीताला एकाच प्रकारात बसवता येत नाही. सौम्य रॉकची गिटारप्रधान बैठक, पोर्तुगीज व लॅटिन धाटणीचे ठेके, गोव्यातील लोकसंगीताचे वळण आणि बासरी यांचा त्यात मेळ आहे. त्यांची भाषा इंग्रजी असली, तरी विषय गोव्यातलेच असत. राजकारण व सामाजिक प्रश्नांवरचा मिस्कील उपहास हे त्यांच्या गीतांचे ठळक लक्षण ठरले. परदेशी गाण्यांच्या नकला वाजवणाऱ्या वाद्यवृंदांच्या काळात हे वेगळेपण उठून दिसले.

वितरण : ऐंशीच्या दशकात भारतात कॅसेटचा सुळसुळाट झाला. तबकडीच्या मानाने कॅसेटच्या प्रती काढणे स्वस्त व सोपे होते, त्यामुळे छोट्या निर्मात्यालाही बाजारात शिरता आले. रेमो आपल्या पिवळ्या स्कूटरवर कॅसेट घेऊन गोव्यातील दुकाने फिरत व स्वतःच माल पोचवत. आल्बम गोव्यात लोकप्रिय झाला आणि पुढच्या निर्मितीचा मार्ग खुला झाला.

पुढील वाटचाल व महत्त्व : याच पद्धतीने त्यांनी पारंपरिक गोमंतकीय गीतांचा ‘ओल्ड गोअन गोल्ड’ (१९८५) काढला. त्यानंतर अमली पदार्थांविरुद्धचा ‘पॅक दॅट स्मॅक’ (१९८६) आणि ‘बॉम्बे सिटी’ (१९८७) हे आल्बम आले. १९८६ मध्ये पंतप्रधान राजीव गांधी गोव्यात आले असता, त्यांच्यासमोर गोव्यातील गैरकारभारावर बोट ठेवणारे गाणे म्हटल्याने वादळ उठले. श्याम बेनेगल यांच्या ‘त्रिकाल’ (१९८५) या चित्रपटातही त्यांचा आवाज आहे. देशभर ओळख मात्र त्यांना हिंदीमुळे मिळाली : ‘जलवा’ (१९८७) आणि ‘बॉम्बे’ (१९९५) या चित्रपटांतील गाणी व ‘ओ मेरी मुन्नी’ (१९९८) हा आल्बम ही त्याची उदाहरणे. २००७ मध्ये त्यांना पद्मश्री देण्यात आली.

मराठी भावगीताच्या परंपरेत कवी, संगीतकार व गायक बहुधा वेगवेगळे असतात. स्वतःचे शब्द स्वतःच गाणाऱ्या संदीप खरे यांच्यासारख्या कवी-गायकांना मोठा श्रोतृवर्ग मिळाला तो पुढे, २००० नंतरच्या दशकात. त्या दृष्टीने, ही सारी अंगे एकाच हाती ठेवणारा आणि पश्चिम किनारपट्टीवर स्वबळावर खपलेला ‘गोअन क्रेझी’ हा आल्बम या प्रकाराचा लवकरचा नमुना ठरतो.